आकाशपाळण्याखालचे वानखडे काका

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या घरात मी एकटीच जागी असते आणि ते मला फार आवडतं. त्या रविवारीही थालीपिठाची भाजणी भिजवून झाली होती, मी कांदा चिरत होते आणि आत माझा नवरा शिशिर व दोन्ही मुलं पांघरुणात गडप होती. नोव्हेंबर लागला की चंदीगडची सकाळ बोटांना झोंबते, त्यामुळे आठच्या आत कुणी उठेल अशी आशा मी ठेवत नाही. तेवढ्यात दार वाजलं. ठक, ठक, ठक. तीन वेळा, सारख्या अंतरानं.

बेल चालू असताना दार वाजवणारा माणूस आमच्या सोसायटीत एकच आहे, तळमजल्यावरचे वानखडे काका. माझी सुरी कांद्यातच थांबली. आदल्या दुपारी मी त्यांचं नाव सहलीच्या यादीतून काढून टाकलं होतं.

ही सहल म्हणजे आमच्या सहा मराठी घरांची दिवाळीनंतरची ठरलेली गोष्ट. मोहालीत आयटीत नोकरी करणारे शिशिरसारखे तीन-चार जण, मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेली लीना, विद्यापीठात शिकवणारं एक जोडपं, असे सगळे आपापली मुलं घेऊन खरड गावाच्या पुढच्या एका अम्यूझमेंट पार्कात जातो. दिवसभर तिथेच. वानखडे काका आणि सुशीला काकू दरवर्षी बरोबर असतात. ते कशावरच बसत नाहीत, सगळ्यांच्या बॅगा सांभाळतात. म्हणून त्यांच्या दोन तिकिटांचे पैसे आम्ही सहा घरं वाटून घेतो. माझ्या लग्नाआधीपासूनची पद्धत आहे ही.

या वर्षी ग्रुपवर पार्काचे नवे दर आले. मोठ्यांना चौदाशे पन्नास, मुलांना अकराशे. तीन वर्षांपूर्वी मोठ्यांचं साडेसातशे होतं. लीनानं लिहिलं, "एवढ्यात कसौलीला एक रात्र राहून येऊ." कुणी म्हणालं मॉलमधल्या गेम झोनला जाऊ, कुणी म्हणालं यंदा राहू द्या. यादी करायचं काम माझ्याकडे. कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं होतं, ते असं अचानक वर येतं. मी विचार केला, कुठे कापता येईल? आणि मला सगळ्यात सोपी जागा सापडली. मी लिहिलं, "वानखडे काका-काकू राइडवर बसत नाहीत, मग त्यांची तिकिटं कशाला? त्याऐवजी दोन लॉकर घेऊ. अडीच हजार वाचतील."

पाच मिनिटांत चार अंगठे आले. मला माझं फार कौतुक वाटलं. संध्याकाळी सहज पाहिलं तर मेसेज वाचणाऱ्यांत सुशीला काकूंचं नाव. भोंडल्याच्या वेळी गाणी पाठवता यावीत म्हणून मीच त्यांना ग्रुपात घेतलं होतं.

तर दार वाजलं, आणि बाहेर काका. अर्धा स्वेटर, कानटोपी, पायांत लोकरीचे मोजे आणि सँडल. काखेत सागवानी फळी. या फळीवर पोलादी पट्टी बसवलेली आहे आणि वर सरकणारा लाकडी ठोकळा. मुलांची उंची मोजायचं यंत्र. काकांनी स्वतः केलेलं.

"पोट्टे उठले?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही अजून."

"हाव, हे बरं झालं. उठले की सरळ इथं उभे कर. बाथरूमले नंतर जाऊ दे."

मूळचे अचलपूरचे. पंचेचाळीस वर्षं चंदीगडात काढून, दिवसभर हिंदी-पंजाबी बोलूनही घरात वऱ्हाडी जशीच्या तशी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यावर काहीच दिसत नव्हतं. ते फळी भिंतीला लावून तिच्या पायाखाली कागदाची घडी घालत होते, कारण आमची फरशी त्या कोपऱ्यात दोन मिलिमीटर उतरती आहे. हे मला त्यांनीच सांगितलेलं. आम्ही आठ वर्षं या घरात राहतोय.

सहलीआधीच्या रविवारी सहाही घरांतल्या मुलांची उंची मोजायची हा काकांचा शिरस्ता. पार्काच्या दारात पट्टे मारलेला खांब आहे. नव्वद सेंटिमीटरच्या आत फुकट, एकशे चाळीसपर्यंत मुलांचं तिकीट, त्याच्या वर मोठ्यांचं. आतही प्रत्येक राइडला वेगळी पाटी, एवढ्या उंचीखाली प्रवेश नाही. दारात जाऊन वाद घालण्यापेक्षा घरून मोजून जावं, असं काकांचं म्हणणं. वर्षभर मुलांच्या मागे दूध घेऊन पळणारे आईबाप त्या एका दिवशी मुलगा बुटका निघावा म्हणून देव पाण्यात ठेवतात, ही गंमत मी दरवर्षी बघते. मीही त्यातलीच.

अवनी आधी आली. सात वर्षांची, डोळे अर्धे मिटलेले, केस चेहऱ्यावर.

"मम्मा, आज तो संडे है ना," ती म्हणाली. माझ्या मुलांना मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीत येतं.

"ये बेटा, टाचा लाव मागं. समोर पाय. हं." काकांनी ठोकळा अलगद डोक्यावर टेकवला, चष्मा वर केला, आकडा वाचला. मग ठोकळा उचलून पुन्हा टेकवला, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही. "एकशे वीस पॉइंट तीन."

अवनीची झोप उडाली. "मतलब बड़ी वाली नाव मिलेगी? पक्का?"

"सकाळी गेलो तर पक्का. दुपारी नाही."

माणूस सकाळी लांब असतो आणि संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर आखूड होतो, हे मला काकांमुळेच कळलं. दिवसभर उभं राहून पाठीचे मणके दबतात. त्यांनी एका वर्षी सगळ्यांना दोनदा मोजून दाखवलं होतं. मोठ्या नावेला एकशे वीस लागतात. गेल्या वर्षी अवनी त्या नावेखाली उभी राहून दादाला हात करत होती, आणि घरी येईपर्यंत बोलली नव्हती.

मग ध्रुव. अकरा वर्षांचा. या वर्षी त्याचं काय होणार याची मला धास्ती होतीच.

"एकशे चाळीस पॉइंट सहा."

"गेलं," आतून शिशिरचा आवाज आला. "चौदाशे पन्नास. काका, याला संध्याकाळी मोजा हो."

"संध्याकाळी एकोणचाळीस नऊ भरन," काका शांतपणे म्हणाले.

"मग दुपारी जाऊ या!"

"दुपारी गेलो तर पोट्टीची नाव गेली. सांग, कोणाले विचारतो?"

शिशिर पांघरूण ओढतच बाहेर आला. अवनीनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यानंतर दुपारचा विषय संपला. तो चहाचं आधण ठेवायला गेला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "सांगितलंस का त्यांना?"

"काय सांगू? लॉकर स्वस्त पडतं म्हणून?"

"बसत नाहीत म्हणून काढलंस ना? मग तू तरी कुठे बसतेस?"

हे त्यानं चहापत्ती शोधता शोधता सहज म्हटलं. पण मी कांद्याशीच थांबले ती थांबलेच.

खरं होतं. मी कुठल्याच राइडवर बसत नाही. लहानपणी सांगलीला जत्रेतल्या पाळण्यात मला वरच अडकवून पाळणेवाला जेवायला गेला होता. दहाच मिनिटं असतील, पण तेव्हापासून माझे पाय जमिनीवर. त्यामुळे दरवर्षी पार्कात मी आकाशपाळण्याखाली, कडुनिंबाच्या झाडाला घातलेल्या पारावर काकांच्या शेजारी बसून असते. आठ वर्षांची आठ तिकिटं मी तशीच, खाली बसून वापरली. माझं नाव यादीत सगळ्यात वर होतं.

काकांबद्दल मला जे काही माहीत आहे ते त्या पारावर कळलं, दरवर्षी थोडं थोडं.

वडील अचलपुरात गिरणीत. काकांनी अमरावतीला आयटीआय केलं आणि ऐंशी साली सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतून नोकरीचं पत्र आलं. बडनेऱ्याहून दिल्ली, तिथून बस. डिसेंबरात. अंगावर टेरीकॉटचा शर्ट आणि आईची शाल. "मले वाटलं थंडी म्हणजे आपल्याकडची, उन्हात बसलं की जाते. इथं ऊनच येईना." सेक्टर वीसमध्ये ज्यांची बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली, भाड्यानं घेतली त्या घरमालकीण बीजींनी पहिल्या रात्री रजई आणून टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुळ्याचे पराठे. काका अजूनही हिवाळ्यातला पहिला मुळा घेतला की बीजींचं नाव काढतात.

प्रयोगशाळेत आधी लेथवर, मग मोजमापाच्या खोलीत. तिथलं तापमान वर्षभर वीस अंश. बाहेरून आलेला पोलादाचा तुकडा त्या खोलीत चार तास नुसता ठेवायचा, खोलीसारखा होऊ द्यायचा आणि मग मोजायचा. काकांचा सगळा स्वभाव त्या चार तासांत बसतो. त्यांना तुम्ही काही विचारलंत तर लगेच उत्तर येत नाही. प्रश्न आधी ठेवून देतात.

शेवटची नऊ वर्षं ते तिथल्या हत्यारांच्या भांडाराचे प्रमुख होते. तिथे पितळी बिल्ल्यांची पद्धत होती. प्रत्येकाच्या नावावर ठरावीक नंबरचे बिल्ले. बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं. हत्यार परत, बिल्ला परत. एकदा एक मोठे शास्त्रज्ञ घाईत आले आणि बिल्ल्याशिवाय मायक्रोमीटर मागू लागले. काकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, मायक्रोमीटर दिला नाही. "मग?" मी विचारलं होतं. "मग काय, गेले वर, बिल्ला आणला. पाणी पिऊन गेले होते, चिडले नाहीत."

तीच पद्धत त्यांनी आमच्या सहलीला लावली. पार्कात शिरलं की काका पारावर चादर पसरतात आणि प्रत्येक घराच्या बॅगेला पितळी बिल्ला बांधतात, त्याच नंबरचा दुसरा बिल्ला त्या घराच्या हातात. मोबाइल, घड्याळं, चष्मे, पाकिटं, सगळं बॅगेत. बिल्ला दाखवल्याशिवाय काही परत मिळत नाही. लीनाला एकदा हॉस्पिटलातून फोन येणार होता, तिचा बिल्ला मुलाच्या खिशात आणि मुलगा पाण्याच्या घसरगुंडीवर. "काका, मी लीना! ओळखत नाही का?" "ओळखतो. बिल्ला?" ती ओलीचिंब मुलाला शोधत फिरली. त्या दिवशी फार रागावली होती. आता ती गोष्ट तीच सगळ्यांना सांगते.

त्यांच्या खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटा, तांब्याची तार असतेच. ध्रुवच्या चष्म्याची काडी तुटली त्या वर्षी त्यांनी ती तिथेच जोडली, अशी की मी सेक्टर सतरामध्ये दुकानात नेली तर दुकानदार म्हणाला, "ये किससे करवाया जी? रहने दो, बढ़िया है."

आणि एक गोष्ट. पाळण्यातून मुलं उतरली की काका प्रत्येकाला विचारतात, "वरून काय दिसलं?"

मुलंही हौशीनं सांगतात. एक म्हणतो डोंगर, एक म्हणतो डोंगरांवर बर्फ. कुणाला विमानतळ दिसतो, कुणाला आपल्या शाळेची टाकी. ध्रुव पाच वर्षांचा असताना म्हणाला होता, "कुछ नहीं अंकल, बस गोभी ही गोभी." काका तेव्हा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांचा स्वतःचा मुलगा अंबरीश दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा उतरून म्हणाला होता, "बाबा, आपलं घर दिसतं." तो आता पुण्यात असतो. काका हे सगळं ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढच्या बॅगेकडे वळतात. बावीस वर्षं.

हा असा माणूस मी दोन लॉकरच्या बदल्यात देऊन टाकला होता.

चहा झाला. काका आमच्या खुर्चीवर बसले, फळी मांडीवर आडवी. मुलं दूध पीत होती. मी थालीपीठ तव्यावर टाकलं आणि पाठमोरीच म्हणाले, "काका, काल मी ग्रुपवर जे लिहिलं..."

"हाव. सुशीलेनं वाचून दाखवलं. दोनदा."

"चिडल्या का?"

"ती म्हणे, लॉकरले म्हणा तिखट-मिठाच्या पुऱ्या पण तळून आण."

शिशिरला ठसका लागला. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून दर वर्षी सकाळी आत शिरण्याआधी पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर काकूंचा डबा उघडतो. तेवीस माणसांच्या पुऱ्या. त्याही मी विसरले होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मी आज सगळ्यांना लिहिते. तुमची तिकिटं..."

"थांब. ते थालीपीठ पाहा आधी, करपून रायलं."

मी उलटलं. ते एका बाजूनं करपलं होतंच. काकांनी तेच मागून घेतलं, वर लोणी घालून शांतपणे खाल्लं. मी वाट पाहत राहिले. चार तासांची सवय असलेला माणूस.

"तू केलेला हिशोब बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "चुकला नाही. बॅगा धरायच्या तर लॉकर स्वस्त. मी पण मांडून पाहिलं."

"पण काका, मुळात एवढं तिकीट देऊन जावं का, हाच प्रश्न आहे," शिशिर म्हणाला. "खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं? आमच्यासारख्या घराला चार तिकिटं म्हणजे साडेपाच हजार होतात. वर खाणं, पेट्रोल. परवडतं हो, पण परवडणं आणि द्यावंसं वाटणं वेगळं ना."

काकांनी बशी बाजूला ठेवली. "आमच्याकडे कधीकधी महागडं यंत्र भाड्यानं यायचं. बाहेरून. एका दिवसाचं भाडं एवढं की साहेब लोक सही करताना दोनदा पाहायचे. मग आम्ही काय करू? ते यायच्या आधी आठवडाभर बसून ठरवू, काय काय मोजायचं, कशाच्या मागून काय. यंत्र सकाळी आठला आलं की रात्री जाईपर्यंत एक मिनिट रिकामं नाही. तसं वापरलं तर भाडं वसूल. दहा वाजता उठून, बारा वाजता पोचून, दोन राइडच्या लायनीत उभं राहून, पिझ्झा खाऊन परत यायचं असन तर नको जाऊ. मॉलले जा. चौदाशे जास्तच आहेत त्याच्यासाठी."

"आणि सकाळी उघडताना पोचलो तर?"

"तर अकरापर्यंत मोठ्या चार राइड होतात, लायन नसते. मी खाली बसून तेच पाहतो ना दरवर्षी. आधी नाव, मग उलटी गाडी, मग पाण्याचं. दुपारी पाण्याले गर्दी होते. जेवण साडेअकराले, सगळे दीडले जेवतात. पाळणा सगळ्यात शेवटी, पाच वाजता, ऊन उतरलं की." त्यांनी बोटावर काही मोजलं नाही, सगळं तोंडपाठ होतं. "आणि दरवर्षी कशाले पाहिजे? दर वाढून रायले तर एक वर्ष सोडून जा. मधल्या वर्षी पिंजोरच्या बागेत पुऱ्या खा. पोट्टे वाट पाहतील, अजून चांगलं."

एवढं स्पष्ट आमच्या ग्रुपवर दोन दिवसांत कुणी बोललं नव्हतं. ज्या माणसानं एकदाही राइडचा पट्टा बांधला नाही, त्याला त्या पार्काचं सगळ्यात जास्त कळतं.

"आणखी एक," काका म्हणाले. "तू हिशोबात फोन धरले नाहीत."

"कसले फोन?"

"सकाळी नऊला माझ्या चादरीवर चौदा फोन येतात. संध्याकाळी सहाले परत जातात. मधे नऊ तास कोणाच्याच हातात फोन नसतो. मोठ्यांच्याही नाही. मी खालून पाहतो, हा शिशिर..." त्यांनी शिशिरकडे हनुवटी केली, "...हा पोट्टीले खांद्यावर घेऊन पळतो तिथं. इथं सोसायटीत मी त्याले पळताना पाहिलं नाही कधी. त्याचे पैसे लाव. मग पाहा."

शिशिरनं हातातला फोन हळूच उलटा करून टेबलावर ठेवला. अवनी लगेच म्हणाली, "पापा, पकड़े गए!"

मी हसले, पण मला अजून मोकळं वाटत नव्हतं. "म्हणूनच म्हणते काका, तुम्ही यायलाच हवं. लॉकर रद्द. तुमची दोन्ही तिकिटं पहिल्यासारखी वाटून घेऊ. मी लिहिते आत्ता."

"लॉकर रद्द नको करू."

"का?"

"दोन आहेत ना? दोन्ही राहू दे. फोन त्यातच टाका, चाव्या काकूजवळ." त्यांनी स्वेटरच्या आत हात घालून एक कापडी पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली. पितळी बिल्ले खुळखुळले. "हे चाव्यांना बांधा. कोणती कोणाची ते कळते. आणि काकू बिल्ल्याशिवाय चावी देणार नाही, सांगून ठेवलं तिले."

म्हणजे त्यांनी सगळा बंदोबस्त करूनच दार वाजवलं होतं. मी पुरचुंडीकडे पाहत राहिले. "आणि तुम्ही?"

"मी माझं तिकीट काढलं. काल संध्याकाळी, फोनवर. सुशीलेचं पण. तुम्ही नका देऊ पैसे."

"अहो पण का? तुम्ही बसत तर..."

"बॅगा होत्या म्हणून बसलो नाही." हे ते इतकं साधं बोलले की मला आधी कळलंच नाही. "कोणी म्हटलं नाही बस, मी पण म्हटलं नाही. पहिल्या वर्षी अंबरीश लहान होता, सगळ्यांचे पोट्टे लहान, कोणीतरी खाली पाहिजे होतं. मग तेच काम झालं माझं. चांगलं काम आहे, मले आवडते. पण काल सुशीलेनं ते लॉकरचं वाचलं, आणि मी म्हटलं, अरे, मग या वर्षी तर मी मोकळा!"

ध्रुव दुधाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "अंकल, आप झूले पे बैठोगे? सच्ची?"

"हाव. डॉक्टरले विचारून आलो. लीनाले. बीपी पाहिलं तिनं, म्हणे बसा. तिले सांगतलं, ग्रुपवर लिहू नको."

म्हणजे लीनाला माहीत होतं. काल रात्रीपर्यंतही तिनं माझ्या मेसेजला अंगठा का दिला नव्हता, ते मला आता कळलं.

"बावीस वर्षं मी सगळ्यांले विचारतो, वरून काय दिसलं," काका म्हणाले. "एक सांगते बर्फ, एक सांगते टाकी. हा सांगते गोभी. अंबरीश म्हणे घर दिसते. आता आमचं जुनं क्वार्टर तिथून दिसूच शकत नाही, मी नकाशावर पट्टी लावून पाहिलं, मधे अख्खं मोहाली येते. पण तो म्हणते दिसलं. सगळी ऐकीव माहिती. स्वतः एकदा पाहिलं पाहिजे."

फळी उचलून ते उभे राहिले. अजून पाच घरं मोजायची होती आणि मुलं उठायच्या आत गाठायची होती. दारापर्यंत गेले, कानटोपी नीट केली, आणि तिथे थांबले.

"फक्त एक अडचण आहे. त्या पाळण्याच्या डब्यात एकट्या माणसाले बसू देत नाहीत. पाटी आहे तिथं, कमीत कमी दोन. पोट्ट्यांबरोबर बसलो तर ते डबा हलवतील, मले काही पाहू देणार नाहीत. सुशीला म्हणते मी खालूनच हात करीन."

जत्रेतला तो पाळणा, ती दहा मिनिटं, सगळं मला आठवलं. काकांना ती गोष्ट माहीत होती. पारावर मीच सांगितली होती.

"तुले भीती वाटते, माहीत आहे मले," ते म्हणाले. "डोळे मिटून बस. पण आसावरी, या वर्षी पाळण्यात माझ्याबरोबर तू बस."